पहिल्या डर्ट रेसआधी सायलेन्सर नको, बूट घ्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पाऊस ओसरला की पुणे, नाशिक, कोल्हापूर या पट्ट्यात मोकळ्या मैदानांवर जेसीबी लागतो, मुरमाचे उंचवटे उभे राहतात आणि डर्ट रेसच्या, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या बाइक शर्यतींच्या, तारखा फिरू लागतात. २०२४ साली सुपरक्रॉस लीगचा पहिला हंगाम पुण्यातून सुरू झाला, त्याच वर्षी भारतीय स्वार हरिथ नोआने डाकार या वाळवंटी रॅलीत रॅली-२ गट जिंकला. अशा बातम्या वाचून नोव्हिस (नवख्यांच्या) किंवा लोकल (स्थानिक) क्लासमध्ये नाव देणारी मुले गॅरेजात येतात आणि पहिला प्रश्न ताकद वाढवणाऱ्या सायलेन्सरचा करतात. आपल्या वर्तमानपत्रात शर्यतीचा निकाल येतो, हवेत उडालेल्या गाडीचा फोटो येतो, पण त्या फोटोआधीच्या दोन महिन्यांत काय करायचे ते कुठेच छापून येत नाही. म्हणून हे पत्र जरा लांबवत आहोत.

नवख्याची गाडी पहिल्या शर्यतीत ताकद कमी पडली म्हणून क्वचितच थांबते. चेन उतरते, ट्यूब फाटते, क्लच लिव्हर मोडते, गॉगलवर धूळ बसून समोरचे दिसेनासे होते, नाहीतर तिसऱ्याच लॅपला हात दगडासारखे होऊन ब्रेक दाबवत नाही. यातल्या एकाही गोष्टीवर वीस-पंचवीस हजारांचा सायलेन्सर काही करू शकत नाही. पैसे मोजकेच असतील तर ते आधी हेल्मेट, बूट आणि गुडघ्यांच्या गार्डवर घाला, मग टायरवर, आणि त्यातून उरलेच तर बाकीच्यावर.

हेल्मेट पुढे हनुवटी आणि वर छज्जा असलेले ऑफ-रोडचेच घ्या. त्यावर आयएसआय किंवा ईसीई (युरोपीय मानकाचा) शिक्का हवा आणि पट्टा दोन कड्यांचा हवा. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून कितीही चांगले दिसले तरी आतला थर्माकोल दबलेला असतो, त्यामुळे मित्राचे जुने हेल्मेट उसने आणू नका. बुटांच्या बाबतीत तर अजिबात तडजोड नको. ट्रेकिंगचे बूट किंवा कारखान्यातले सेफ्टी शूज इथे कामाचे नाहीत. गाडी आडवी पडते तेव्हा घोटा फूटरेस्ट आणि जमीन यांच्या मध्ये सापडतो, आणि तो पिळला जाऊ नये म्हणून गुडघ्याच्या खालपर्यंत येणारा, बकलांचा कडक बूट लागतो. गुडघ्याचे गार्ड पँटच्या आतून घालायचे आणि त्याची पट्टी पोटरीवर इतकी घट्ट हवी की उठाबशा काढल्या तरी गार्ड खाली सरकणार नाही. छाती-पाठीचे कवच, कोपरांचे गार्ड आणि पूर्ण बोटांचे हातमोजे हवेतच. अंगठी, कडे, गळ्यातली चेन घरीच काढून ठेवा. अंगठी लिव्हरमध्ये अडकली तर बोटाची कातडी सोलून निघते. खिशात मोबाइल आणि किल्ल्याही नकोत, पडल्यावर त्या बरगडीत किंवा मांडीत घुसतात.

नव्या बुटांचा एक परिणाम बहुतेकांना शर्यतीच्या दिवशीच कळतो. तळ जाड आणि पुढचा भाग फुगीर असल्यामुळे पाय गिअर लिव्हरखाली जातच नाही. चप्पल किंवा साधा बूट घालून वर्षभर चालवलेल्या गाडीवर मग दुसरा गिअर पडत नाही आणि स्वार इंजिन ओरडवत पहिल्यातच फिरत राहतो. बूट आणल्या दिवशी घरातच पायात चढवा, गाडीवर उभे राहा आणि लिव्हर वर घ्या. थेट शाफ्टवर बसणारी असेल तर बोल्ट काढून स्प्लाइनवर (शाफ्टच्या दात्यांवर) एक दात फिरवायची, मध्ये दांडी असेल तर दांडीचे नट फिरवून उंची जुळवायची. मागच्या ब्रेकचे पेडलही उभे राहून तपासा. बसून जुळवलेला ब्रेक उभे राहिल्यावर सतत दाबलेला राहतो, डिस्क तापते आणि ब्रेक मरतो.

आता गाडी. आपल्याकडे नवख्यांच्या हाताखाली बहुधा हीरो एक्सपल्स २०० फोर-व्ही असते आणि सुरुवातीला ती पुरेशी आहे. २१ इंची पुढचे चाक, १८ इंची मागचे, जमिनीपासून २२० मिमी उंची. पण तिची मर्यादा आकड्यांत समजून घ्या. साध्या मॉडेलचे सस्पेन्शन पुढे १९० आणि मागे १७० मिमी बसते, वजन १५८ किलोच्या आसपास आहे. खास मोटोक्रॉससाठी (उंचवट्यांच्या मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीसाठी) बांधलेली २५० सीसीची गाडी ११० किलोच्या आत असते आणि तिचे सस्पेन्शन ३०० मिमीच्या घरात बसते. ती गाडी ज्या टेबलटॉपवरून (सपाट माथ्याच्या उंचवट्यावरून) उडून पलीकडच्या उतारावर अलगद टेकते, तिथून एक्सपल्स उडवली तर फोर्क तळाला आपटतो आणि तो धक्का थेट मनगटात आणि कण्यात जातो. पहिल्या शर्यतीत मोठे जंप उडवायचे नाहीत, चाके जमिनीला ठेवून त्यांच्यावरून गाडी घ्यायची. वेळ थोडा जातो, पण गाडी आणि माणूस शेवटपर्यंत टिकतात.

स्क्रूटिनीला, म्हणजे शर्यतीआधीच्या गाडीच्या तपासणीला, जाण्याआधी आरसे, इंडिकेटर, नंबर प्लेट, साडी गार्ड, मागच्या सीटची पकड आणि मागचे फूटरेस्ट काढा. दिव्याच्या आणि इंडिकेटरच्या काचा ट्रॅकवर फुटून पडल्या तर मागच्यांच्या अंगात जातात, म्हणून काढता येत नसलेल्या काचेवर चिकटपट्टी आडवी-उभी मारा. साइड स्टँड तर काढायचाच. मात्र त्याला इंजिन बंद करणारा स्विच असेल तर नुसता स्टँड काढल्यावर गिअर टाकताक्षणी गाडी बंद पडते. ती वायरिंग शर्यतीच्या सकाळी नव्हे, आठवडाभर आधी जोडून पाहा. हँडलची टोके बंद हवीत, उघडा पाइप पोटात रुतला तर सुरीसारखा कापतो. ग्रिप गोंदाने बसवून तिच्यावर बारीक तारेचे दोन फेरे घाला, नाहीतर पाण्या-चिखलात ती हातासकट फिरते. क्लच आणि ब्रेक लिव्हरचे क्लॅम्प मात्र आवळून घट्ट करू नका. हाताने जोर लावला तर फिरतील इतकेच आवळा. पडल्यावर लिव्हर मोडण्याऐवजी फिरते आणि तुम्ही ती जागेवर आणून पुढे निघता. तरीही प्रत्येकी एक जादा लिव्हर पेटीत असू द्या.

सैल मुरमावर एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी ब्रेक यंत्रणा) वारंवार ब्रेक सोडते आणि थांबायचे अंतर वाढवते. एक्सपल्सच्या २०२३ पासूनच्या मॉडेलला रोड, ऑफ-रोड आणि (एबीएस बंद ठेवणारा) रॅली असे मोड आहेत, स्टार्टला जाण्याआधी मीटरवर कोणता दिसतो ते पाहूनच निघा. पण एबीएस नसलेला पुढचा ब्रेक वळणात दाबला की गाडी झोपते, त्यामुळे तसा सराव आधी करा. पेट्रोल चार-पाच लिटरच ठेवा. १३ लिटरची भरलेली टाकी त्यापेक्षा सुमारे सहा किलो जास्त वजन वाहते, तेही उंचावर.

टायरमधल्या हवेवर थोडे जास्त लिहितो, कारण तिथेच सर्वाधिक गाड्या थांबतात. रस्त्यावरच्या हवेने खडबडीत टायरसुद्धा मुरमावर घसरतो, कारण त्याचा थोडाच भाग जमिनीला टेकतो. म्हणून हवा कमी करतात. पण किती? मोटोक्रॉसची हलकी गाडी १२ ते १४ पीएसआयवर चालते, ते ऐकून कुणी एक्सपल्समध्ये १२ ठेवली तर पहिल्याच दगडावर रिम खाली बसते आणि ट्यूब दोन्ही बाजूंनी चिमटून शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. या वजनाला १६ ते २० ठेवा, दगड जास्त असतील तर वीसच्या जवळ, मऊ माती असेल तर सोळाकडे. पंक्चरवाल्याचे मीटर या आकड्यांना भरवशाचे नसते, ३० पर्यंतच मोजणारे छोटे गेज विकत घ्या.

हवा कमी केली की दुसरी अडचण येते. जोरात थ्रॉटल दिला किंवा ब्रेक दाबला की रिम फिरते आणि टायर मागे राहतो. टायरबरोबर ट्यूब ओढली जाते, व्हॉल्व्ह मात्र रिमच्या भोकात अडकलेला असतो, त्यामुळे तो मुळातून फाटतो. यावर उपाय रिम लॉक. तो टायरची कड आतून रिमवर दाबून धरतो. मागच्या चाकाला एक तरी बसवाच. शिवाय व्हॉल्व्हवरचा छोटा नट रिमवर आवळू नका, वर सरकवून टोपीला टेकवून ठेवा. मग टायर सरकायला लागला की व्हॉल्व्ह तिरका झालेला डोळ्यांना दिसतो. प्रत्येक फेरीनंतर चाक फिरवून तिथे नजर टाका. व्हॉल्व्ह सरळ उभा असेल तर ठीक. वाकला असेल तर हवा सोडून टायर मागे फिरवा आणि रिम लॉक पुन्हा आवळा. आवळलेला नट ही खूण लपवतो.

त्याच वेळी स्पोकवरून पाना फिरवा. ताणलेला स्पोक खणखणतो, ढिला स्पोक बद्द वाजतो. पहिल्या सरावानंतर दोन-चार ढिले निघतातच. ते थोडे थोडे, पाव-पाव फेऱ्याने आवळा. एकच स्पोक एकदम ताणला तर रिम तिकडे ओढली जाते.

एअर फिल्टर हा दुसरा नाजूक भाग. रांगेत मागे असलेल्या गाडीला पुढच्या सगळ्यांची धूळ खावी लागते आणि नवखे मागेच असतात. कागदी फिल्टर चोंदला की इंजिन गुदमरते. तो कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकून पुन्हा बसवला तर कागदाला बारीक भोके पडून धूळ आत जाते आणि पिस्टन रिंगा झिजतात, म्हणून कागदी फिल्टर सरळ नवा घाला. फोमचा असेल तर तो रॉकेलमध्ये दाबून धुवा, मग साबणाच्या पाण्यात, आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. पेट्रोलने धुऊ नका, जोड चिकटवलेला गोंद सुटतो. वाळल्यावर फिल्टर ऑइल लावून मुठीत दाबत राहा, रंग सगळीकडे सारखा आला की थांबा. पिळायचा नाही, फोम फाटतो. कडेला ग्रीसचा पातळ थर द्या, धूळ बहुधा फोममधून नाही तर कडेच्या फटीतून शिरते. दुसरा तयार फिल्टर पिशवीत गुंडाळून बरोबर ठेवा.

मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापातली जास्तीत जास्त ढील चेनला द्या. मागचे चाक वर-खाली होताना एका क्षणी चेन सर्वाधिक ताणते, तेव्हा मागचा एक्सल, स्विंगआर्मचा बोल्ट आणि पुढचे स्प्रॉकेट एका रेषेत येतात. मित्राला मागे बसवून गाडी तिथपर्यंत दाबा आणि चेन बोटाने हलवून पाहा. तेव्हाही ती थोडी हलली पाहिजे. स्टँडवर घट्ट दिसणारी चेन जंपवर तुटते, नाहीतर गिअरबॉक्सचे बेअरिंग खाते. पुढचे स्प्रॉकेट एका दाताने लहान केले तर वळणातून निघताना जोर मिळतो आणि खर्चही किरकोळ, इंजिनला हात लावण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

सस्पेन्शनचा सॅग, म्हणजे स्वाराच्या वजनाने ते किती बसते ते, मोजायला तीन माणसे आणि एक टेप लागतो. मागचे चाक उचलून एक्सलपासून मडगार्डवर खूण केलेल्या जागेपर्यंत माप घ्या. मग सगळे कपडे-बूट घालून गाडीवर उभे राहा, दोघांनी गाडी धरायची, तिसऱ्याने पुन्हा मोजायचे. फरक एकूण बसण्याच्या साधारण एक-तृतीयांश, म्हणजे १७० मिमीला ५० ते ५६ मिमी हवा. जास्त बसत असेल तर प्रीलोड (स्प्रिंगवरचा सुरुवातीचा दाब) वाढवा, कमी बसत असेल तर उतरवा. हे न करता गाडी "मागून उडवते" म्हणणारे बरेच भेटतात.

सरावाला आठ आठवडे ठेवा, आठवड्यातून दोन-तीन दिवस. पाण्याच्या दोन बाटल्या दहा-बारा मीटरवर ठेवून आठचा आकडा काढा. वळताना पुढे टाकीपाशी बसायचे, आतला पाय पुढे सोडून बोटे वर, वजन बाहेरच्या फूटरेस्टवर, बाहेरचे कोपर वर. पाय मागे राहिला तर जमिनीत अडकून गुडघा फिरतो. सरळ भागात गुडघ्यांनी टाकी आवळून उभे राहा, पायाचा चवडा फूटरेस्टवर, नजर चाकापुढे नाही तर पुढच्या वळणावर. हात दगडासारखे होण्याचे मूळ इथेच आहे. गुडघे सैल असले की सगळे वजन हातांनी धरले जाते, मूठ आवळलेलीच राहते आणि त्या स्नायूतले रक्त नीट फिरत नाही. सुरुवातीला चार मिनिटे चालवा, दोन मिनिटे थांबा, आणि हळूहळू दहा मिनिटे सलग चालवता येईपर्यंत वाढवा. जंपच्या चढावर थ्रॉटल एकसारखा ठेवा. टोकाला येऊन घाबरून सोडला की पुढचे चाक खाली जाते आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. पहिल्यांदा उलटणाऱ्यांपैकी बरेच जण असेच उलटतात.

हा सराव टेकड्यांवर, गायरानात किंवा सड्यांवर (खडकाळ पठारांवर) करू नका, ही कळकळीची विनंती. पावसाळ्यानंतर सड्यांवर मातीचा थर बोटभर असतो, एका चाकोरीने तो निघतो आणि पुढच्या पावसात तिथे ओघळ पडतो. मालकाला विचारून पडीक शेत घ्या, एकटे जाऊ नका, पाणी आणि प्रथमोपचाराची पेटी न्या. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, हे वेगळे सांगायला नको.

कागदपत्रांकडेही वेळेत पाहा. मान्यताप्राप्त शर्यतीला एफएमएससीआय या मोटारस्पोर्टच्या राष्ट्रीय संघटनेचा स्पर्धा परवाना लागतो, डॉक्टरांचा दाखला लागतो, अठरा वर्षांखाली पालकांची लेखी संमती लागते. गाडीच्या नेहमीच्या विमा पॉलिसीत आयोजित शर्यती वगळलेल्या असतात. स्वतःच्या अपघात विम्यातली अटही आईवडिलांसमोर बसून वाचा.

शर्यतीला गाडी चालवत नेऊ नका, छोटा हत्ती करा. बेल्ट हँडलच्या दोन्ही बाजूंनी खाली ओढून फोर्क अर्धा दबेल असे बांधा. ट्रॅकवर पोहोचलात की आधी पायी दोन फेऱ्या मारा, दुसरी फेरी स्वाराच्या नजरेच्या उंचीवरून बघत. काळी माती असेल आणि पाऊस झाला असेल तर ती पुढच्या मडगार्डमध्ये भरून चाक अडकवते, अशा वेळी मडगार्ड उंच करावा लागतो. कोरडा मुरूम कडक जमिनीवर पसरला असेल तर खडे गोट्यांसारखे चाकाखालून सरकतात. टँकरने पाणी मारल्यावरचे पहिले दोन लॅप सगळ्यात निसरडे असतात, तेव्हा वळणाआधीच ब्रेक पूर्ण करा.

सकाळी पोहे, उपमा किंवा पोळी-भाजी शर्यतीच्या अडीच-तीन तास आधी खा, मिसळ-वडापाव नंतर. ओआरएसचे मोठे पाकीट लिटरभर पाण्यासाठी असते, छोटे २०० मिलीसाठी. छोटे पाकीट लिटरभर पाण्यात घातले तर त्याचा उपयोग फारसा होत नाही. गॉगलची काच हातमोज्याने पुसू नका, मुरमाची भुकटी घासली जाऊन काच पांढरी पडते. पाण्याने धुवा, आणि दुसरा गॉगल बंद पिशवीत मित्राच्या हातात असू द्या.

स्टार्टला पहिल्या वळणाच्या आतल्या बाजूला सगळे घुसतात आणि तिथेच ढीग होतो. नवख्याने बाहेरची रेष धरावी. अंतर थोडे जास्त, पण वाट मोकळी आणि धूळ कमी. पिवळा झेंडा हलताना दिसला की पुढे कुणीतरी पडलेले आहे: ओव्हरटेक नाही, जंप नाही, थांबायची तयारी. निळा दिसला की मागून वेगवान गाडी येत आहे, आपली रेष सोडू नका, तो स्वतः वाट काढील. घाबरून बाजूला सरकणाराच त्याच्या अंगावर जातो. लाल म्हणजे शर्यत थांबली. पांढऱ्यावर लाल क्रॉस म्हणजे ट्रॅकवर वैद्यकीय मदत आहे, वेग पूर्ण उतरवा. पडलात तर उठता येत असेल तर ट्रॅकच्या कडेला व्हा, गाडी मार्शल (ट्रॅकवरचे सुरक्षा कर्मचारी) उचलतील. दुसरा कुणी पडला असेल तर त्याचे हेल्मेट काढू नका, मान दुखावलेली असू शकते.

आयोजकांना दोन मागण्या आहेत. झेंड्यांचे ब्रीफिंग नोव्हिस आणि लोकल क्लाससाठी वेगळे आणि मराठीतून घ्या, झेंडे प्रत्यक्ष हलवून दाखवा, आणि ते स्टार्टच्या दहा मिनिटे आधी नको, सकाळच्या सरावापूर्वी हवे. दुसरे, शर्यतीच्या आदल्या दिवशी फक्त नवख्यांना तासभर ट्रॅक मोकळा ठेवा, त्या तासाला रुग्णवाहिका आणि मार्शल जागेवर असू द्या. आणि आपल्याला विनंती की शर्यतीची घोषणा छापताना स्क्रूटिनीची तारीख, परवान्याची अट आणि आवश्यक साधनांची यादीही दोन ओळींत द्यावी. तालुक्याच्या गावातून येणाऱ्या मुलापर्यंत हे वर्तमानपत्रच सगळ्यात आधी पोहोचते.

आपले,
डर्ट ट्रॅकवर काम करणारे काही मेकॅनिक आणि मार्शल
पुणे